दोन मिनिटांचे हवाई अंतर

भोर आणि वेल्हे ही पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातली, एकमेकांना चिकटलेल्या दोन तालुक्यांची मुख्य ठिकाणे असून त्यांच्यातले हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी, सुमारे २७ किलोमीटर भरते. हा हिशेब करण्यासाठी जमिनीवर पाऊल ठेवावे लागत नाही. अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर लांबीची असते आणि विमान व जहाज चालवणारे त्याच लांबीला सागरी मैल म्हणतात. वेल्हे भोरच्या उत्तरेस सुमारे नऊ कला आहे, पश्चिमेस सुमारे बावीस किलोमीटर आहे, आणि या दोन बाजूंवरून तिसरी काढणे शाळकरी मुलालाही जमते. प्रवासी विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर भोरहून वेल्ह्याला पोहोचायला दोन मिनिटे लागावीत. प्रत्यक्षात या दोन्ही गावांना धावपट्टी नाही. जवळचा विमानतळ पुण्याच्या पलीकडे लोहगावला आहे आणि ज्याच्या भूसंपादनाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे तो शेजारच्या पुरंदर तालुक्यात व्हायचा आहे. मोटारीने मात्र हेच अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास जाते. एकाच जोडीचे दोन आकडे जवळजवळ दुपटीच्या फरकाने का वेगळे पडतात, हे कळण्यासाठी तो रस्ता एकदा सावकाश पार करण्यावाचून गत्यंतर नाही.

नीरेच्या काठी वसलेले भोर हे आकाराने मोठे खेडे आणि वागण्याने लहानशी राजधानी आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सचिवपदावर आलेले शंकराजी नारायण हे इथल्या घराण्याचे मूळ पुरुष होत. सचिव हा अष्टप्रधानांपैकी दप्तर आणि जमाखर्च पाहणारा मंत्री, आणि त्याच पदावरून भोरचे राजे ‘पंतसचिव’ म्हणवले गेले. १९४८ साली विलीन झालेल्या या संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. यांपैकी सुधागड घाटाखाली, कोकणात, पालीच्या बाजूला येतो आणि भोरपासून त्याचे हवाई अंतर ८० किलोमीटरच्या घरात जाते, तेव्हा एवढ्या लहान संस्थानाचा कारभार सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना कसा चालत असेल, हा प्रश्न राजवाड्याच्या चौकात उभे राहिल्यावर पडतोच. १८६९ मध्ये बांधलेला हा वाडा आज हिंदी-मराठी चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे अधिक ओळखला जातो, आणि आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर कोणता नट कोणत्या खांबाशी उभा राहिला होता याची माहिती संस्थानच्या इतिहासापेक्षा जास्त तपशिलाने मिळते. रामनवमीच्या उत्सवात मात्र वाडा पुन्हा आपल्या जुन्या मालकीचा होतो. पाच तालुक्यांपैकी चारांची नावे उघडच गडांवरून पडली होती. त्यामुळे २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास मंजुरी दिली, तेव्हा संस्थानी दप्तरातली एक जुनी रीतच परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

भोरच्या पेठेत पुण्याहून आलेल्या माणसाला पहिला फरक जाणवतो तो प्रश्नांचा. पुण्यात अनोळखी माणसाला कुणी काही विचारत नाही आणि त्याने काही विचारले तर उत्तर शक्य तितके आखूड ठेवण्याची पद्धत आहे. इथे उलट ‘कुठलं गाव?’ आणि ‘कुणाकडं आलाय?’ हे दोन प्रश्न नमस्काराच्या जागी येतात, आणि त्यांची उत्तरे दिल्याशिवाय पुढचा रस्ता सांगितला जात नाही. ही चौकशी आगाऊपणाची वाटत असली, तरी तिच्यामागे साधा व्यवहार आहे. ज्या मुलखात डोंगराच्या एका अंगाला एक खोरे आणि दुसऱ्या अंगाला दुसरे असते, तिथे माणूस कोणत्या खोऱ्यातला हे कळले की त्याचे सोयरे, देवस्थान आणि परतीची वाट या तिन्ही गोष्टी एकदम कळतात.

खोरे म्हणजे एका नदीचे पाणी ज्या डोंगरांमधून गोळा होते तो सगळा उतार, आणि सह्याद्रीच्या पूर्व अंगाच्या अशाच खोऱ्यांना मावळ म्हणतात. भोरच्या आसपास रोहिडखोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे आणि त्यांच्या उत्तरेला गुंजण मावळ व कानद खोरे अशी ही मांडणी आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून डोंगरांच्या सोंडा पूर्वेकडे पसरतात, पालथ्या हाताची बोटे पसरावीत तशा, आणि दोन सोंडांमधून एकेक नदी वाहते. दक्षिणेला नीरा, मग वेळवंडी, मग कानंदी आणि गुंजवणी. नीरेखेरीजच्या या नद्या शेवटी नीरेला आणि नीरेतून भीमेला मिळतात. म्हणजे प्रत्येक खोऱ्याचे दार पूर्वेला आहे आणि बाकीच्या तिन्ही बाजू डोंगराने बंद आहेत. भोर नीरेच्या खोऱ्यात आणि वेल्हे कानंदीच्या. त्यामुळे चाकांवरून जाणाऱ्याला एका दारातून बाहेर पडून, उत्तरेकडे सरकून, दुसऱ्या दारातून पुन्हा आत यावे लागते.

या दारांमागे राहणाऱ्या देशमुख घराण्यांपैकी एकाचे दप्तर अंतराच्या एका गाजलेल्या वादाला कारण झाले, आणि त्यासाठी थोडे आडवाटेला जाणे योग्य ठरेल. भोरहून आंबवड्याच्या बाजूला रोहिडखोऱ्यात कारी नावाचे गाव आहे. हे कान्होजी जेध्यांचे गाव. याच घराण्याकडून मिळालेली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शिवजन्माच्या तारखेचा आजचा निर्णय तिच्यावर पुष्कळ अंशी उभा आहे. त्याच शकावलीत शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यानंतर मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, म्हणजे १६६६ च्या नोव्हेंबरात, राजगडावर आल्याची नोंद आहे. काही अभ्यासक मात्र ते सप्टेंबरच्या मध्यापूर्वीच पोहोचले असे मानतात. आग्रा ते राजगड हे हवाई अंतर जवळपास १,१०० किलोमीटर आहे आणि विमानाला त्यासाठी दीड तास पुरेल. १७ ऑगस्टला निघून सप्टेंबरात पोहोचायचे, तर सरळ रेषेतच रोज चाळीसहून अधिक किलोमीटर कापावे लागतात, आणि आडमार्गाने, भर पावसाळ्यात, नद्या भरलेल्या असताना हा आकडा बराच वाढतो. अशक्य नाही, पण फार कठीण आहे. शकावलीतली मार्गशीर्षाची तारीख धरली तर तीन महिन्यांहून अधिक काळ हाती येतो आणि वेषांतराने, मुक्काम करत केलेला लांबच्या वळणाचा प्रवास त्यात सहज बसतो. हवाई अंतराच्या कोरड्या आकड्याचा या मुलखात खरा उपयोग झालेला दिसतो तो एवढाच: एखादी तारीख किती ताणली जाऊ शकते, हे तो दाखवतो.

भोर सोडून पूर्वेकडे निघालेला रस्ता लगेचच भाटघर धरणाच्या पायथ्याशी येतो. वेळवंडी नदीवरचे आजचे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव दिले होते. त्याच्या आधीही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इथे एक लहान धरण होते. जलाशयाला आता येसाजी कंक यांचे नाव आहे. इथले पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणि उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे जाते, त्यामुळे भोरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा ऊस खालच्या तालुक्यांत पिकतो, आणि भोरच्या वाट्याला येतो तो जलाशयाचा लांब, वेडावाकडा किनारा. या पाण्याने वेळवंड खोऱ्यातली अंतरेच बदलून टाकली. पूर्वी नदीचे पात्र ओलांडून पलीकडच्या गावात जाणे हे काही मिनिटांचे काम असे. आता त्याच दोन गावांमधून रस्त्याने जायचे तर पाण्याला वळसा घालावा लागतो, नाहीतर होडीची वाट पाहावी लागते. समोरच्या काठावर चुलीचा धूर दिसतो, कुणी गुरे हाकलताना ओरडले तर शब्दही ऐकू येतात, पण लग्नाचे आमंत्रण द्यायला जाण्यात अर्धा दिवस मोडतो. मे महिन्यात पाणी खाली गेले की कांबरे गावाजवळचे बुडालेले शिवमंदिर उघडे पडते, लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात, आणि पावसाळा लागला की देव पुन्हा पाण्याखाली जातो.

कापूरहोळला रस्ता पुणे-सातारा महामार्गाला मिळतो आणि थोडा वेळ प्रवासी पुन्हा शहराच्या जगात येतो. इथे अंतर किलोमीटरमध्ये बोलले जाते, फलकांवर लिहिलेले असते आणि सगळ्यांची घाई सारखीच असते. या पट्ट्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

चेलाडी फाट्यावरून नसरापूरकडे वळले की दुसरे दार उघडते. नसरापूरजवळचे बनेश्वर हे नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये, बांधलेले शिवमंदिर असून तिथे टांगलेली मोठी घंटा मूळची पोर्तुगीज चर्चची आहे. वसईच्या मोहिमेनंतर मराठी मुलखातल्या अनेक देवळांत अशा घंटा आल्या. समुद्रकाठच्या चर्चमधून डोंगरातल्या देवळात आलेली ही घंटा किती कोस चालली असेल, याचा अंदाज करणे मनोरंजक आहे. कोस म्हणजे साधारणपणे तीन किलोमीटर, पण त्याची लांबी मुलखागणिक बदलत असे, आणि डोंगरातला कोस सपाटीवरच्या कोसापेक्षा जड असतो हे हमालांना सर्वेक्षकांच्या आधीपासून ठाऊक होते.

नसरापूरच्या पुढे आंबवणे, करंजावणे, मार्गासनी, विंझर अशी गावे लागतात. दोन्ही बाजूंना भातखाचरे, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेले पायऱ्यापायऱ्यांचे तुकडे. उन्हाळ्यात हा मुलूख पुण्याच्या माणसाला उजाड वाटतो, पण ते त्याच्या नजरेचे अपुरेपण आहे, कारण जागोजागी काळे पडलेले चौकोन दिसतात ते राब भाजल्याचे असतात: शेण, पाला आणि काट्याकुट्या पसरून जमीन भाजली की तिथे टाकलेले रोप तणाविना जोमाने उगवते. पावसाळा लागल्यावर याच खाचरांत गुडघाभर चिखलात लावणी चालते, आणि त्या दिवसांत रस्त्यावर थांबून वाट विचारणाऱ्याला उत्तर मिळते ते कमरेत वाकलेल्या अवस्थेतच, मान वर न करता. हळव्या वाणांचा जाडसर भात, इंद्रायणी आणि थोड्या ठिकाणी सुवासिक आंबेमोहोर ही खाचरातली पिके, तर उतारावर नाचणी आणि वरई. घरात पाहुणा आला की आधी पाणी, मग कोरा चहा. दूध असले तरी कोरा, कारण दूध डेअरीला जाते. जेवणात नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, खोबऱ्याविना केलेला लसणाचा झणझणीत ठेचा, आणि पावसाच्या सुरुवातीला कुर्डूसारख्या रानभाज्या किंवा ओढ्यात पकडलेल्या खेकड्यांचा रस्सा. शहरातल्या हॉटेलांत ‘गावरान थाळी’ म्हणून जे वाढले जाते ते तेलाने आणि तिखटाने माखलेले असते. इथल्या घरातल्या पिठल्यात तेल मोजून पडते, कारण ते विकत आणावे लागते. पाहुण्याने ताटातली भाकरी संपवण्यापूर्वीच दुसरी येऊन पडते आणि ‘नको’ या शब्दाला पहिल्या दोन वेळा काहीच अर्थ नसतो.

वाट विचारली तर मार्गासनीच्या पुढे किलोमीटर बहुधा कुणी सांगत नाही. ‘त्या खिंडीच्या पल्याड’, ‘एक चढ आन् एक उतार’, ‘दिवस कलायच्या आत पोचाल’ अशी उत्तरे येतात. खिंड म्हणजे सोंडेतला खोलगट भाग, जिथून एका खोऱ्यातून दुसऱ्यात पायी उतरता येते. पुणेकराला ही उत्तरे मोघम वाटतात, पण त्यांत चढ किती, उजेड किती आणि पाय किती थकतील हे तिन्ही येते. मैलाच्या दगडावर यांतले एकही लिहिलेले नसते.

मार्गासनीहून साखरमार्गे गुंजवण्याकडे फुटणारा रस्ता राजगडाच्या पायथ्याशी जातो, आणि तिथे उभे राहिले की या प्रदेशाच्या भूगोलातली मुख्य गोष्ट डोळ्यांसमोर येते. राजगड आणि तोरणा हे दोन्ही गड वेळवंड खोरे आणि कानद-गुंजण खोरी यांना वेगळे करणाऱ्या त्याच सोंडेवर आहेत. म्हणजे मोटारीच्या रस्त्याला जी सोंड अडथळा आहे, तिच्याच माथ्यावर शिवाजी महाराजांनी दोन दशकांहून अधिक काळ राजधानी ठेवली. राजगडाच्या बालेकिल्ल्याभोवती तीन माच्या आहेत. माची म्हणजे बालेकिल्ल्याखालचा, तटबंदीने वेढलेला सपाट पसारा. पद्मावती माचीवरून गुंजवण्याची बाजू, सुवेळा माचीवरून पूर्वेचा पट्टा आणि संजीवनी माचीवरून पश्चिमेचा तोरणा नजरेत राहतो. पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा आणि आळू दरवाजा ही गडाची दारे वेगवेगळ्या दिशांच्या पायवाटांवर उघडतात, आणि दक्षिणेला भुतोंड्याच्या बाजूने वेळवंड खोऱ्यात उतरता येते. पायी चालणाऱ्याच्या हिशेबाने हा गड खोऱ्यांच्या मधोमध, सगळ्यांना जवळ होता. तोरण्यापासून त्याचे हवाई अंतर सातएक किलोमीटर असून धारेवरून चालत जाणारे गिर्यारोहक ते एका दिवसात पार करतात. मोटारीने जाणाऱ्याला मात्र एका गडावरून पूर्ण खाली उतरून, रस्त्याने फिरून, दुसऱ्याच्या पायथ्याशी यावे लागते.

यावरून एक विधान करणे भाग आहे, आणि ते वरवर उलटे वाटेल. भोर आणि वेल्हे यांच्यातले अंतर सतराव्या शतकात आजच्यापेक्षा कमी होते. त्या काळचा मावळा, पालखीचा भोई किंवा जासूद सोंडेच्या माथ्यावरून खिंडीखिंडीने जाई, आणि त्याची वाट नकाशावरच्या सरळ रेषेच्या पुष्कळ जवळ राही. चाके आली तेव्हा वाट पाण्याच्या उताराला बांधली गेली आणि लांबली. याची दुसरी बाजू औरंगजेबाच्या सैन्याने १७०३-०४ मध्ये अनुभवली: तोफा आणि छावणीचा पसारा घेऊन या सोंडांवर चढणाऱ्या मोगलांना आधी वाटा खोदून घ्याव्या लागल्या, तेव्हा कुठे राजगड आणि पाठोपाठ तोरणा त्यांच्या हाती लागला. मावळ्याला दूर नसलेली जागा तोफेला फार दूर होती.

वेल्हे गाव तोरण्याच्या अगदी पायाशी आहे. १,४०३ मीटर उंचीचा तोरणा, ज्याला त्याच्या विस्तारामुळे प्रचंडगड म्हणतात, गावाच्या प्रत्येक गल्लीच्या टोकाला उभा दिसतो, आणि कचेरीत दाखला काढायला आलेला माणूसही बोलता बोलता ढगाने गड किती झाकला आहे ते पाहून परतीची वेळ ठरवतो. तालुक्याचे ठिकाण असूनही गाव लहान आहे. भोरचा दरबारी थाट इथे नाही, मोठा वाडा नाही, पेठ नाही. बरीच घरे वर्षाचा मोठा भाग म्हाताऱ्या माणसांच्या ताब्यात असतात, कारण तरुण मंडळी पुण्यात आणि मुंबईत कामाला आहेत आणि गणपतीला, यात्रेला, लावणीला परत येतात. शनिवार-रविवारी पुण्याहून गड चढायला येणाऱ्यांची गर्दी होते. त्यांच्यापैकी अनेकजण गावाचे नाव गडाच्या नावाखाली विसरतात, आणि पोहे-चहा देणाऱ्या घरांना त्याबद्दल फारसे वाईट वाटताना दिसत नाही.

वेल्ह्याच्या पुढे केळदकडे जाणारा रस्ता सह्याद्रीच्या कड्यावर संपतो. तिथला मढे घाट म्हणजे कोकणात उतरणारी जुनी पायवाट होय. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने त्यांच्या उमरठ गावी नेला, अशी परंपरा सांगतात. कड्यावरून खाली महाडचा मुलूख पसरलेला दिसतो आणि महाड गाव हवाई अंतराने वीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण मोटारीला इथून उतार नाही. तिला भोरच्या पश्चिमेचा वरंधा घाट गाठावा लागतो, आणि दरडींमुळे तो पावसाळ्यात बंद ठेवला, की ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वरकडचा आंबेनळी घाट उरतो. भर पावसात मढे घाटात उभा असलेला माणूस कोकण पाहू शकतो, तिथल्या गावांतले दिवे मोजू शकतो, आणि तिथे पोहोचायला त्याला अख्खा दिवस लागतो.

परतीची वाट कादवे खिंडीतून पानशेतच्या बाजूला उतरते, आणि तिथे अंतराचा हा प्रश्न इतिहासातून वर्तमानात येतो. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने २०२३ मध्ये मागवला, तेव्हा उदाहरण म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर पानशेतचे नाव दिले होते. मुलांना गाडीने एका चांगल्या शाळेत आणावे, ही कल्पना वाईट नाही, आणि पानशेतला गाडी चालते तोवर तिचे फायदेही दिसतात. परंतु शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी शाळेची मर्यादा आखलेली आहे, आणि वेल्ह्याच्या एखाद्या धनगरवस्तीपासूनचे एक किलोमीटर हे ओढ्यापलीकडचे की अलीकडचे, सोंडेच्या माथ्यावरचे की पायथ्याचे, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. तेव्हा भोर-वेल्ह्यातली कोणतीही शाळा, दवाखाना किंवा कचेरी हलवण्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने नकाशा बाजूला ठेवून ते अंतर जुलै महिन्यात, सहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन, एकदा पायी चालून पाहावे आणि लागलेला वेळ फाईलवर लिहावा.